मागच्या सीटखाली

कुंदनने मागची सीट उचलून गॅरेजच्या फरशीवर ठेवली आणि तिच्याखालचा पत्रा काढला. पलक गाडीच्या उघड्या दाराशी उभी होती. तिचा नवरा श्रेयांस बाहेर फोनवर, रावेरहून केळीचा ट्रक निघाला का ते विचारत होता.

गाडी आणली होती ती डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला म्हणून. गाडीत पेट्रोलचा वास येतो, डोकं जड होतं, असं पलक दिवाळीपासून सांगत होती. घरातल्या दुसऱ्या कुणालाच तो वास आला नाही. हिला भास होतात, सासूबाई म्हणाल्या. मग श्रेयांसने तिला जळगावला डोक्याच्या डॉक्टरकडे नेलं. याच गाडीतून.

"इथे खाली पेट्रोलची टाकी आहे. तिच्यातली वाफ कुठून तरी निसटतेय, वहिनी," कुंदन म्हणाला. "ती डोळ्यांना दिसत नाही. म्हणून आता मशीनने टाकीत धूर सोडतो. जिथून तो बाहेर येईल, तिथे गळती."

मशीन घरघरू लागलं. कुंदनने टॉर्च धरला. बराच वेळ काहीच दिसेना. पलकने ओढणी मुठीत आवळली. धूर निघालाच नाही तर?

मग टाकीच्या झाकणाच्या कडेने एक पांढरी रेघ हळूच वर आली.

"हे पाहा. रबर फाटेल शे, ही चीर दिसली?" कुंदन म्हणाला. "मागे कोण बसतं?"

"मीच. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या पुढे बसतात."

"मग बठ्ठा वास तुमच्याच नाकात. पुढच्यांना कुठून येणार?"

"अहो, इकडे या!" पलकने हाक मारली. तिचा आवाज इतका चढला की श्रेयांसने फोन ठेवला. तो आत आला, वाकला.

"दिसतोय ना तुम्हाला?"

"दिसतोय."

"मला भास होत नव्हते."

श्रेयांसने फाटक्या रबरावरून बोट फिरवलं. "रबर आजच बदलून टाक, कुंदन." मग त्याने घड्याळ पाहिलं, खिशातून जळगावच्या डॉक्टरने दिलेल्या गोळ्यांचं पाकीट काढलं आणि एक गोळी पलकच्या तळहातावर ठेवली.

"अहो, आता कशाला?"

"गाडीचा दोष गाडीत. कोर्स अर्धवट सोडायचा नसतो," पाण्याची बाटली पुढे करत तो म्हणाला. "आणि आईला काय सांगू?"

कुंदनने मान फिरवली. पलकने गोळी जिभेवर ठेवली. मशीन बंद करायचं कुणालाच सुचलं नव्हतं. धूर येतच होता.