मोहाखालची राखण

भल्या पहाटे लालसू आणि त्याची बायको रैनू रिकामी टोपली घेऊन म्हातारीला आणायला निघाले. कोळसा संपल्यावर खाण बुजवून वर उभ्या केलेल्या जंगलात लालसूची माय कालपासून मोहाच्या झाडाखाली हट्टानं राखणीला बसली होती.

"कितीदा सांगतलं मायले," लालसू करवादला. "हा काई आपला जुना मोह नाही. माणसाचा श्वास लागला का फूल धरून ठेवते."

"मंग करावं तरी काय? उठून गेलं का फुलं गळतात अन् डुकरं खाऊन टाकतात," रैनू म्हणाली.

जंगल नीट रुजेपर्यंत माणसानं त्यातलं काही नेऊ नये, म्हणून शास्त्रज्ञांनी ही झाडं अशी घडवली होती. तीन उन्हाळे गावातल्या एकाही टोपलीत मूठभर मोह पडला नव्हता, आणि उन्हाळ्यात गाव मोहावरच जगायचं.

खाणीच्या मातीच्या ढिगाला वळसा घालताना दोघं थबकली. टप टप आवाज येत होता. समोर म्हातारी बुंध्याला टेकून बसली होती आणि झाड भरभरून गळत होतं. तिच्या केसांत, ओटीत, उघड्या तळहातांवर पिवळसर फुलांचा थर साचला होता.

रैनूला कळायला क्षणभर लागला. मग "आत्याबाई!" असं ओरडून ती धावली. लालसूनं मनगट धरून तिला मागं खेचलं.

"थांब," तो पुटपुटला. "आधी सगळी फुलं पडू दे."

आणि एक हात तिच्या तोंडावर, दुसरा स्वतःच्या तोंडावर घट्ट दाबून तो तिथंच उभा राहिला.