वरचा सूर

"एकच स्तोत्र," चर्चमधल्या वडीलधाऱ्या मदर ल्युविनियानं बजावलं. "आणि तेसुद्धा सरळ. दारूच्या अड्ड्यावरचे ते गळ्याचे नखरे इथे नकोत. आईच्या शवपेटीची तरी लाज धर."

व्हर्नेलनं मान हलवली. मेम्फिसच्या याच चर्चमध्ये तिचा गळा तयार झाला होता. पुढे ती प्रेमाची गाणी गायला लागली, तबकड्या निघाल्या, रेडिओवर नाव झालं. आणि इथे ल्युविनियानं तिला गायनवृंदातून काढून टाकलं. आई फोनवर जेवणखाण विचारायची, हवापाणी विचारायची. गाण्याबद्दल मात्र शेवटपर्यंत चकार शब्द नाही.

ती गायला उभी राहिली. या चर्चमध्ये कुणी कधी एकटं गात नसे. ओळ संपली की बाकांवरून "हो, हो, सांग बाई!" अशी साद यायचीच. चुकणाऱ्या पोराटोरांनाही यायची. आज पहिली ओळ संपली. नुसते हातातले कागदी पंखे हलत राहिले. दुसरी संपली. कुणी खाकरलंसुद्धा नाही. आपली माणसं आपल्याला परत घेणार नाहीत, हे तिला कळून चुकलं.

तिसऱ्या ओळीला तिची नजर शवपेटीवर गेली. सूर निसटला आणि तो सावरताना सवयीनं नेमका तोच नखरा निघाला, तिच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यातला. हुंदक्यासारखा चढत जाणारा आणि एकदम थांबणारा. तबकडीत तिथे मागे साथ देणाऱ्या मुली वर-खाली अशा वेगवेगळ्या सुरांत उत्तर द्यायच्या. इथे कोण देणार? शरमेनं तिनं डोळे मिटले.

"नको ना रे जाऊ, राजा, नको ना रे जाऊ!"

आवाज पहिल्या बाकावरून आला होता. पांढऱ्या टोप्या, पांढरे हातमोजे घातलेल्या साऱ्या म्हाताऱ्या एका दमात गायल्या होत्या, हुबेहूब तबकडीसारख्या, आणि सर्वांत आधी मदर ल्युविनिया. व्हर्नेलच्या कानाला खटकलं ते एवढंच, की त्यात वरचा सूर नव्हता.

म्हाताऱ्या दचकून गप्प झाल्या. ल्युविनियानं हातमोजा तोंडावर नेला, मग सावकाश खाली घेतला.

"बघतेस काय अशी? दर गुरुवारी तुझ्या आईकडे पडदे ओढून गोधड्या शिवायला बसायचो. मुकाट्यानं शिवत होतो होय गं?" तिनं बाकावर ठेका धरला. "म्हण पुढे, पोरी. आज जरा अर्धवट वाटेल. वरचा सूर तुझी आई लावायची."