अण्णांच्या वाट्याची हवा

अण्णांना जाऊन तीन दिवस झाले होते. भेटायला आलेली अठरा माणसं हॉलमध्ये चटयांवर बसली होती आणि एकामागून एक जांभया देत होती. आत्याला तर घेरीच आली. अण्णांच्या मुलीने, वैजूने भिंतीवरची पाटी पाहिली. 'घरातील माणसे: एक. हवा: एकाची.'

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वीज वाचावी म्हणून इमारतीच्या सगळ्या खिडक्या कायमच्या बंद केल्या होत्या. सोसायटीच्या यादीत घरातली जेवढी नावं, तेवढ्यांपुरतीच हवा भिंतीतलं यंत्र घरात सोडायचं. अण्णांना दमा होता. त्यांना थोडी जास्त हवा मिळावी म्हणून तिने सहा महिने अर्ज केले, पण ते नियमात बसत नव्हतं.

सेक्रेटरी ठोसरही भेटायला आले होते. तिने त्यांनाच विचारलं, "अण्णांचं नाव कधी काढलंत?"

"त्याच संध्याकाळी. आपल्याकडे काम पडून राहत नाही," ठोसर म्हणाले. "आणि ताई, पाहुण्यांची नोंद आठवडाभर आधी करायची असते."

"म्हणजे अण्णा जाणार हे मी आठवडाभर आधी कळवायला हवं होतं?"

ती स्वयंपाकघरात गेली, खलातला बत्ता घेऊन आली आणि सगळ्यांदेखत खिडकीच्या काचेवर हाणला. वारा आत घुसला. आत्याने छातीभर श्वास घेतला. भिंतीवर भोंगा कोकलू लागला.

"अहो, गळती झाली!" ठोसर ओरडले. "आता अहवालात कुणाचं नाव लिहू?"

"अण्णांचं लिहा," वैजू म्हणाली. "पण त्याआधी ते यादीत परत घालावं लागेल."