टबातली होडी

इमारतीत घरोघरी साठलेलं पाणी ओतायचा दिवस होता. वरच्या ताईंची लेक डेंग्यूने दवाखान्यात. त्या डबा न्यायला घरी आल्या, म्हणून दार उघडं मिळालं. गॅलरीतल्या टबात प्लास्टिकची होडी तरंगत होती आणि भोवती अळ्या वळवळत होत्या.

"ताई, हे आत्ताच्या आत्ता ओतू या. खाली माझं बाळ झोपतं हो."

"तेवढा टब सोड गं. आमची ठमाबाई तापातही दटावून गेलीय, मी आल्याशिवाय होडीला हात लावायचा नाही. आल्यावर घर डोक्यावर घेईल!"

तेवढ्यात त्यांचे मिस्टर दवाखान्यातून आले. हातात लेकीच्या चपला होत्या. टबाकडे बघत ते मला म्हणाले, "ओता ते पाणी."