पाचवी घागर
‘कायदा का शिकायचा आहे?’ या लॉ कॉलेजच्या अर्जातल्या प्रश्नाचं कच्चं उत्तर मी वहीत लिहून ठेवलं होतं: ‘लोकांना कायदा वाचता येत नाही, मी तो त्यांना वाचून दाखवीन.’ साठ जागांना हजारो पोरं होती, आणि क्लासचे सर या वाक्यावर खूश होते. त्या दिवशी सकाळी मी घागर घेऊन टाकीवर गेले. पाण्यावरून भांडणं झाल्यामुळे लातुरात जमावबंदी होती. हवालदार नळापाशी एका वेळी पाचच बायका सोडत होता, बाकीच्या रस्त्यापलीकडे उन्हात. मी चौथी होते, शेजारच्या सरजामावशी पाचव्या. टाकीवर चिकटवलेल्या हुकुमाकडे बोट करून मावशी कौतुकानं म्हणाल्या, “वकील व्हायलीस नव्हं तू? वाच की, काय लिव्हलंय त्यात.” मी मोठ्यानं वाचलं, “पाच किंवा त्यापेक्षा जास्त व्यक्तींनी एकत्र येऊ नये.” वर समजावूनही सांगितलं, “म्हणजे पाचसुद्धा चालत नाहीत. चारच.” हवालदारानं मान वर करून आम्हाला मोजलं. “मावशी, तुम्ही पलीकडं व्हा.” मावशींनी रिकामी घागर उचलली. “लई शिकलीस बघ पोरी,” म्हणाल्या. रागानं म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. माझी घागर भरली आणि मावशी रस्ता ओलांडून परत येईपर्यंत नळ गेला. घरी येऊन मी वहीतलं ते वाक्य खोडलं. त्याच्या जागी लिहिलं, ‘सरजामावशी पाचव्या होत्या.’