पाडलेलं चर्च

वावेल ही पोलंडच्या राजांची टेकडी. तिथल्या राजवाड्याची आणि कॅथेड्रलची पुठ्ठ्याची प्रतिकृती चिन्मयी एका प्रदर्शनासाठी सदर भागातल्या आपल्या ऑफिसात करत होती. दोनशे वर्षांपूर्वी परक्या फौजेने कवायतीसाठी तिथलं एक जुनं चर्च पाडलं होतं. त्याची जागा तिने मोकळी ठेवली होती.

दुपारी ती जेवून आली, तर त्या जागेवर बोटभर उंचीची भिंत उभी होती.

ऑफिसात तिच्याशिवाय फक्त धाकटा भाऊ विक्रम होता. तिचा संशय सरळ त्याच्यावरच गेला. "माझ्या मॉडेलले हात काहून लावून राहिला गा?"

"मी कशाले लावू?"

तिने भिंत उपटून फेकली आणि त्याला डोळ्यांसमोर बसवून ठेवलं. चहावाला आला. कप घ्यायला तिने मान वळवली, तेवढ्यात तिथे छपरासकट अख्खं चर्च उभं राहिलं. विक्रमच्या हातांची घडीही सुटली नव्हती.

"आता हे कोणी केलं?" तिचा आवाज चिरकला.

विक्रम तिच्याकडे संशयाने पाहत राहिला. "काय बोलून राहिली वं ताई? हे तर पहिलेपासून इथंच आहे."

तिने नखाने चर्चचं इवलंसं दार बाहेर ओढलं. ते किंचित उघडलं, आणि आतून कोणीतरी ओढून बंद केलं.