हिरवा ठिपका

"बेपत्ता कुठे आहे, बाई? ही बघा तुमची होडी." जलमार्ग कार्यालयातल्या साहेबांनी पडद्यावरच्या हिरव्या ठिपक्यावर पेन टेकवलं. "आत्ताच आपल्या धक्क्याला लागलीय."

खिडकीबाहेर धक्का रिकामा होता. साहेबांची खिडकीकडे पाठ होती.

"आमचे मालक काल दुपारी कौलं भरून खाडीत वर गेले, ते अजून परतले नाहीत. शोधाला लाँच पाठवा, साहेब."

"पोचलेल्या होडीला शोधायचं कसं?"

तिने पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. होडीवर बसवायचं हे सरकारी यंत्र भिजून बिघडलं तर परवाना जाईल, म्हणून नवरा ते देव्हाऱ्यात ठेवून जायचा. निघताना हळदकुंकूही वाहायचा.

"तुमचा ठिपका हा. घरून मीच घेऊन आले."

साहेबांनी यंत्र उलटंसुलटं करून पाहिलं. "यंत्राविना होडी म्हणजे परवानाच रद्द. आणि विनापरवाना होडीसाठी लाँच सोडता येत नाही."

मग त्यांना दया आली असावी. त्यांनी तिच्यासाठी खुर्ची ओढली आणि नोंदवही उघडली.

"तुम्हीच सांगा, काय लिहू? होडी आली, की होडी नव्हतीच?"